गाडीचा काटा आणि तिसरे अणुव्रत

माळशेज घाट चढून आलेला कल्याण–अहिल्यानगर रस्ता पिंपळगाव जोगा धरणाच्या परिसरातून पुढे सरकतो आणि मढ ओलांडून ओतूरकडे, तेथून आळेफाट्याकडे जातो. राष्ट्रीय महामार्ग ६१ अशी आज त्याची ओळख आहे. भाताची पोती, कांद्याच्या गोण्या, किराणा, कापड, सिमेंट अशा नाना मालाची ने-आण या रस्त्याने चालते. त्यामुळे येथील दुकानदाराच्या घरी गाडी ही चैनीची वस्तू नसून तागडीइतकीच धंद्याची गरज आहे. तागडीची मात्र ठरल्या मुदतीत तपासणी होते, वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का तिच्यावर बसतो. गाडीच्या दर्शनी पट्टीवर दोन मापे असतात, वेगाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. त्यांच्या खरेखोटेपणाचा विचार फारसा कोणी करीत नाही.

तो करण्याची सोय रस्त्याच्या कडेलाच आहे. महामार्गावर पिवळ्या माथ्याचे किलोमीटरचे दगड असतात. सोबत एक माणूस, एक सेकंदाचे घड्याळ आणि मोकळा, सरळ रस्ता एवढे साहित्य पुरते. चालकाने काटा ताशी ६० किलोमीटरवर स्थिर ठेवावा आणि शेजारी बसलेल्याने एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत किती सेकंद लागले ते पाहावे. वेग खरोखर साठ असेल तर बरोबर साठ सेकंद लागतील. त्रेसष्ट लागले तर खरा वेग सत्तावन्नच्या आसपास आहे, सहासष्ट लागले तर साडेचोपन्न. हा प्रयोग घाटात करू नये, आणि चालकाने एकट्याने तर मुळीच करू नये. रस्ता रुंद करताना काही दगड जागचे हललेले असतात, म्हणून एकाच दगडावर विसंबण्यापेक्षा पाच-सहा दगडांची सरासरी काढावी. दहा दगडांचे अंतर जाऊन किलोमीटरचा आकडा किती पुढे सरकला हेही त्याच फेरीत पाहून घेता येते.

वेगाच्या काट्याचे उत्तर बहुधा एकाच बाजूला झुकलेले निघते. काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो. किलोमीटरचा आकडा मात्र दगडांच्या बराच जवळ असतो. एकाच गाडीत, एकाच चाकावरून घेतलेली ही दोन मापे वेगवेगळी का वागतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

झुकते माप

वेगाचा काटा जुना आहे. जर्मनीतील ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले, ती पुढे जवळजवळ शंभर वर्षे मोटारींमध्ये वापरली गेली. गिअरबॉक्समधून एक लवचीक केबल निघते, ती काट्यामागील लहानसे चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरू लागले की वाटीत विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकाच्या दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. या ओढाताणीत वाटी जेथे थांबेल तेथे काटा थांबतो. स्प्रिंग सैल पडली, चुंबक क्षीण झाले किंवा केबल कोरडी पडली की काटा चुकू लागतो. जुन्या जीपमध्ये बसलेल्यांना तो थरथरणारा काटा आठवत असेल. आजच्या गाड्यांत केबल नाही. दात्यांची एक चकती फिरते, संवेदक तिचे दाते मोजतो आणि गाडीतील संगणक त्यावरून वेग काढतो.

यंत्र बदलले, पण मूळ गोष्ट तशीच राहिली. गाडीला रस्ता दिसत नाही. आपले चाक किती वेळा फिरले एवढेच तिला कळते. एका फेऱ्यात किती अंतर जाते हे कारखान्यात एकदा ठरवून दिलेले असते आणि पुढे आयुष्यभर तेच गृहीत धरले जाते.

टायर मात्र आयुष्यभर सारखा राहत नाही. नवा टायर थोडा मोठा असतो, झिजलेला लहान. हवा कमी भरली, माल जास्त भरला तरी थोडाफार फरक पडतो. निर्मात्याला हे सारे आधीच लक्षात घ्यावे लागते, कारण नियम एका बाबतीत कठोर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली तयार झालेला वाहनविषयक नियम क्रमांक ३९ अनेक देशांनी स्वीकारला आहे. त्यानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. जास्त दाखवण्याची मुभा आहे, आणि तिची मर्यादा खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी ४ किलोमीटर इतकी आहे. गाडी खरोखर ८० ने धावत असेल तर काटा ८० पासून ९२ पर्यंत कोठेही चालतो, पण ७९ चालत नाही. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११७ वा नियम स्पीडोमीटरसंबंधी आहे. वाहनांच्या मान्यतेसाठी चाचण्या घेणारी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. ती १९६६ मध्ये स्थापन झाली.

व्यापाऱ्याला ही रीत परकी वाटू नये. तागडीचे पारडे गिऱ्हाइकाच्या बाजूला किंचित झुकू देणे, पायली सपाट न पुसता शिगोशीग भरणे ही जुन्या बाजारातील सज्जनपणाची खूण होती. कमी पडल्याचा दोष नको म्हणून दोन दाणे जास्त घालायचे. वेगाच्या काट्याचे माप असेच झुकते असते. चालकाला वाटते त्यापेक्षा गाडी थोडी हळू धावते, आणि यात कोणाचे नुकसान नाही.

नुकसान होते ते ही सवलत हिशेबात धरणाऱ्याचे. ‘काटा पाच-सात जास्तच दाखवतो, तेव्हा ऐंशी म्हणजे आपले पंचाहत्तर’ असे म्हणत वेग वाढवणारे चालक कमी नाहीत. प्रत्येक गाडीतील फरक वेगळा असतो, आणि टायर बदलला की तोही बदलतो. दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर मोटारीसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ७० आहे, आणि राज्याला किंवा स्थानिक प्रशासनाला ती आणखी खाली आणता येते. ताशी ७० ने गाडी दर सेकंदाला साडेएकोणीस मीटर अंतर कापते. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात त्याहून कमी अंतरावरचेही दिसत नाही. जुन्नरचा परिसर बिबट्यांचा आहे. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र उभे राहिले ते उगाच नव्हे. पहिल्या पावसात ओल्या डांबरावर येणारे खेकडे आणि बेडूक तर दिव्याच्या प्रकाशात शेवटच्या क्षणी दिसतात. साधु-साध्वी ईर्यासमिती पाळताना पुढची चार हात जमीन न्याहाळून पाऊल टाकतात. चारचाकीत बसलेल्या श्रावकाला तितके शक्य नसले, तरी काट्याच्या सवलतीवर वेग वाढवणे त्याला खचितच टाळता येईल.

किलोमीटरच्या आकड्याला झुकते माप देता येत नाही. आकडा जास्त पुढे गेला तर मालकाचे नुकसान होते. किलोमीटरवर ठरलेली हमी लवकर संपते, सर्व्हिसिंग लवकर येते, विकताना गाडी आहे त्याहून जुनी ठरते. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या २००२ ते २००६ या काळातील गाड्यांचे ओडोमीटर काही टक्के जास्त मोजतात, अशी तक्रार न्यायालयात गेली. तडजोडीत कंपनीने हमीची किलोमीटर-मर्यादा ५ टक्क्यांनी वाढवून दिली. म्हणून निर्माते वेगाचा काटा पुढे ठेवतात, पण अंतराचा आकडा शक्य तितका नेमका ठेवतात. काटा जास्त दाखवतो म्हणून किलोमीटरही जास्तच पडत असणार, हा समज आजच्या गाड्यांपुरता तरी बरोबर नाही.

दोन टक्क्यांचा हिशेब

तरीही आकडा थोडा चुकतोच, आणि किती चुकतो याचा अंदाज कागदावर काढता येतो. लहान मोटारींना चालणारा १६५/८० आर १४ मापाचा टायर घ्या. त्याचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर आणि परीघ सुमारे १ मीटर ९५ सेंटिमीटर भरतो. एका किलोमीटरला त्याचे ५१४ च्या आसपास फेरे होतात. भाराखाली टायर दबतो, तेव्हा प्रत्यक्षात थोडे जास्त. नव्या टायरच्या नक्षीची खोली ८ मिलिमीटर असली आणि ती झिजून १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत आली, तर व्यास जवळजवळ १३ मिलिमीटरने घटतो. म्हणजे दोन टक्के. चाक लहान झाले तरी संगणक जुनाच परीघ धरून चालतो, म्हणून आकडा १०,००० किलोमीटर पुढे सरकतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९,८०० च्या आसपास चाललेली असते.

याउलट खराब रस्त्यावर गाडी उंच असावी म्हणून कोणी त्याच गाडीला १८५/८० आर १४ टायर बसवले, तर व्यास पाच टक्क्यांनी वाढतो. आता आकडा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०५ चाललेली असते, आणि वेगाचा काटा आपली सारी सावधगिरी गमावून बसतो. मोठे टायर घालून मिरवणाऱ्या तरुण पिढीला हे घरातील वडीलधाऱ्यांनी सांगायला हवे. ‘ॲव्हरेज घटले’ ही तक्रारही अशा वेळी पुष्कळदा अर्धीच खरी असते. डिझेल तेवढेच लागते, किलोमीटर मात्र कमी मोजले जातात.

किलोमीटरवर भाडे ठरवून टेम्पो लावणाऱ्या दुकानदारासाठी दोन टक्के म्हणजे किती? समजा दर किलोमीटरला २० रुपये भाडे आहे आणि महिन्याला ३,००० किलोमीटर वाहतूक होते. साठ हजारांच्या बिलात बाराशे रुपयांचा फरक पडतो. रक्कम मोठी नाही, पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या व्यवहारात ती नजरेआड करण्याजोगीही नाही. यात टेम्पोवाल्याची लबाडी नसते, टायरची झीज असते. दोघांनी मिळून एकदा दगडांवर मोजून घेतले की वाद उरत नाही.

ही चूक कधी कधी पैशांपेक्षा पायांना जास्त जाणवते. विहार करणाऱ्या साधु-साध्वींना पुढचा मुक्काम किती दूर आहे हे श्रावक सांगतात, आणि बहुधा गाडीच्या आकड्यावरून सांगतात. पंधरा किलोमीटरमध्ये दोन टक्के म्हणजे तीनशे मीटर. गाडीत बसलेल्याला ते जाणवत नाहीत. मोबाइलवरील नकाशा पाहून सांगणे बरे, पण त्यालाही मर्यादा आहेत. उपग्रहावरून मिळणारा वेग मोकळ्या, सरळ रस्त्यावर काट्यापेक्षा विश्वासार्ह असतो. उंच कड्यांच्या आडोशाला आणि घाटातील वळणांवर मात्र संकेत तुटतो. वळणावळणाचा रस्ता यंत्र सरळ रेघांनी जोडते आणि अंतर कमी भरते. चढाचा परिणाम पुष्कळांना वाटतो तितका नाही. शंभर मीटरमागे सहा मीटर चढणाऱ्या रस्त्याची लांबी सपाट नकाशावरील लांबीपेक्षा हजारात दोन भागांनीही जास्त नसते.

आपल्या श्रावकाचारात अंतराला स्वतःचे स्थान आहे. दिग्व्रतात प्रत्येक दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा आखतात, देशावकाशिकात ती ठरावीक काळापुरती आणखी आवळतात. पूर्वी ती योजन-कोसांत, गावाच्या किंवा नदीच्या नावाने घेत. १९५६ च्या वजने-मापे कायद्यानंतर मैल आणि कोस व्यवहारातून हळूहळू गेले, आणि आज कोणी कोणी ती किलोमीटरमध्ये घेतात. अशा वेळी आकड्याच्या काठावर जाऊन थांबण्यापेक्षा चार किलोमीटर आधी थांबणे बरे. या व्रताच्या अतिचारांत मर्यादेचा विसर पडणे हाही एक दोष सांगितला आहे. आकडा यंत्राने मोजला तरी तो लक्षात माणसानेच ठेवायचा असतो.

‘रनिंग किती दाखवायचे?’

येथपर्यंत ज्या चुका पाहिल्या त्या यंत्राच्या आणि टायरच्या आहेत. त्या सर्वांना माहीत होऊ शकतात, मोजता येतात, सांगता येतात. खरा प्रश्न गाडी विकताना उभा राहतो.

घरातील जुनी गाडी काढायची ठरते. दलाल येतो, गाडीभोवती फिरतो, आकडा पाहतो आणि अगदी सहजपणे विचारतो, “शेठ, रनिंग किती दाखवायचे?” गाडी सव्वा लाख किलोमीटर चाललेली असते. तो म्हणतो, साठ-पासष्टवर आणली तर गिऱ्हाईक लगेच मिळेल. सगळेच करतात, तुम्हाला काही करायचे नाही, मी पाहून घेतो. आणि पुष्कळ घरांतून, जेथे तेलाच्या डब्यात पाव किलोही कमी जाऊ दिले जात नाही त्या घरांतूनही, उत्तर येते, ‘बघा, तुमचे तुम्ही.’

मीटर मागे घेणे ही नवी कला नाही. केबलच्या काळात आकड्यांची चाके हाताने किंवा यंत्राने उलटी फिरवत. चाके नीट ओळीत न बसल्याने चोरी कधी कधी उघडी पडे. शिवाय जुन्या गाड्यांत पाचच आकडे असत. ९९,९९९ नंतर सारी चाके एकदम शून्यावर येत आणि लाख किलोमीटर चाललेली गाडी कोऱ्या पाटीने पुन्हा धावू लागे. (मढच्याच डोंगररांगेतील नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे. त्यात दान दिलेल्या गायी, घोडे आणि नाण्यांच्या संख्या कोरल्या आहेत. दहा, शंभर, हजार यांसाठी त्यात वेगवेगळी चिन्हे आहेत, स्थानावरून किंमत ठरवण्याची पद्धत अजून आलेली नव्हती. खडकात कोरलेला तो आकडा दोन हजार वर्षे जागचा हललेला नाही.) आता आकडा संगणकाच्या स्मृतीत असतो, आणि तो बदलणारी उपकरणे बाजारात फिरतात. पूर्वी तासाभराचे काम होते, आता काही मिनिटांचे झाले आहे. दिसायला आकडे सरळ ओळीतच दिसतात.

तिसऱ्या अणुव्रताचे, म्हणजे अचौर्याचे, पाच अतिचार प्रतिक्रमण करणाऱ्या प्रत्येक घरात ठाऊक आहेत. चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणे, हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार. यातील चौथ्याचा अर्थ घेताना एक माप, देताना दुसरे. मान म्हणजे पायली-शेरासारखे भरण्याचे माप, उन्मान म्हणजे तागडी. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हे सांगितले तेव्हा मोटार नव्हती, पण ओडोमीटर हे सर्वार्थाने मानच आहे. वस्तू किती वापरली गेली हे तो मोजतो, आणि त्या मापावर तिची किंमत ठरते. तो मागे फिरवणे म्हणजे उणे माप भरणे. गाडी कमी चाललेली भासावी म्हणून स्टिअरिंगचे कव्हर, पेडलचे रबर आणि सीटचे कापड बदलले जाते. हलक्या वस्तूला चांगल्या वस्तूचे रूप देऊन विकणे हा तर पाचवा अतिचार.

‘आम्ही काहीच केले नाही, दलालाने केले’ हा बचाव लौकिक व्यवहारात कदाचित चालून जाईल. श्रावकाचे स्थूल व्रत मात्र साधारणपणे दोन करण आणि तीन योगांनी घेतलेले असते. स्वतः करणार नाही आणि दुसऱ्याकडून करवून घेणार नाही, मनाने, वाणीने, कायेने. गृहस्थासाठी अनुमोदनेची बाजू मोकळी ठेवलेली आहे, करवून घेण्याची नाही. ‘बघा, तुमचे तुम्ही’ हे शब्द वाणीच्या खात्यावर जातात, आणि वाढीव किमतीचा वाटा स्वीकारला की करवून घेणेही पूर्ण होते. येथे पळवाट शोधणे कठीण आहे.

गाडी विकत घेणाऱ्याचे नुकसान केवळ किमतीचे नसते. इंजिनाचा टायमिंग बेल्ट, ब्रेकचे तेल, क्लच, सस्पेन्शन या सर्वांची बदलण्याची वेळ किलोमीटरवर ठरते. साठ हजार समजून घेतलेल्या सव्वा लाखाच्या गाडीत हे भाग मुदतीबाहेर गेलेले असतात. अशी गाडी घेणारा पुष्कळदा पहिलीच चारचाकी घेणारा असतो. खोऱ्यातील एखादा शिक्षक, टोमॅटो किंवा कांदा नेण्यासाठी टेम्पो घेणारा शेतकरी. भरल्या गाडीने माळशेज उतरताना थकलेल्या ब्रेकची किंमत त्याला चुकवावी लागते. खोट्या आकड्याची हिंसा ही अशी दूरची, पण खरी आहे.

इतर देशांनी याला कायद्याने बांध घातले. अमेरिकेत १९७२ पासून ओडोमीटरशी छेडछाड करण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. तरीही तेथील महामार्ग सुरक्षा संस्थेचा अंदाज असा की दरवर्षी साडेचार लाखांहून अधिक गाड्या खोट्या आकड्याने विकल्या जातात. बेल्जियमने वेगळा मार्ग धरला. २००६ पासून तेथे प्रत्येक गॅरेजला गाडी आली की तिचा आकडा एका मध्यवर्ती नोंदवहीत लिहावा लागतो, आणि जुनी गाडी विकताना त्या नोंदींचा ‘कार-पास’ हा दाखला ग्राहकाला द्यावा लागतो. दाखला नसेल तर ग्राहक व्यवहार मोडू शकतो. शिक्षेच्या भीतीपेक्षा उघड्या वहीचा हा उपाय अधिक परिणामकारक ठरला, आणि वहीवर श्रद्धा असलेल्या समाजाला तो सहज पटावा.

भारतात केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. व्यापाऱ्याला नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि ताब्यातील गाडी कोठे, कशासाठी, किती किलोमीटर नेली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवावी लागते. खोटा आकडा दाखवून विकणाऱ्या व्यापाऱ्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि हेतुपुरस्सर फसवणूक असेल तर भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम आहे. पण गावातल्या गावात, ओळखीच्या दलालामार्फत होणाऱ्या व्यवहारात तक्रारीपर्यंत गोष्ट क्वचितच पोहोचते. गाडी घेणारा गप्प बसतो आणि पुढे तीच गाडी विकताना स्वतःही तोच प्रश्न ऐकतो.

विकत घेताना काही गोष्टी पाहता येतात. सर्वांत भरवशाची म्हणजे अधिकृत सर्व्हिस केंद्रातील नोंद. गाडीचा नंबर दिला की मागच्या प्रत्येक भेटीची तारीख आणि आकडा तेथे सापडू शकतो. मालकाच्या संमतीने ती मागावी, आणि संमती द्यायला मालक कां-कूं करत असेल तर तेही एक उत्तर समजावे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. तीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे चारही टायर गाडीपेक्षा तीन-चार वर्षांनी नवे असतील, तर पहिले टायर कोठे झिजले हे विचारावे. ब्रेकच्या पेडलचे रबर, गिअरचा दांडा, चालकाच्या सीटची बाहेरची कड, दाराच्या आतील हँडल यांची झीज आकड्याशी जुळते का ते पाहावे. काही गाड्यांत ब्रेकच्या किंवा गिअरच्या संगणकातही किलोमीटरची स्वतंत्र नोंद राहते, आणि जाणकार मेकॅनिक ती वाचू शकतो.

विकणाऱ्याने करायचे काम याहून सोपे आहे. गाडी दलालाच्या ताब्यात देण्यापूर्वी आकड्याचे छायाचित्र काढावे आणि विक्रीच्या कागदावर तो आकडा हाताने लिहून दोघांनी सह्या कराव्यात. सर्व्हिसची वही आणि जुनी बिले गाडीबरोबरच द्यावीत. मीटर कधी नादुरुस्त होऊन बदलले असेल तर जुन्या मीटरचा शेवटचा आकडा आणि तारीख तेथेच नमूद करावी. मीटर बदलणे हा दोष नाही, ते न सांगणे हा आहे. टायरच्या झिजेमुळे पडणारा दोन टक्क्यांचा फरकही विचारल्यास सांगायला हरकत नाही.

दिवाळीला, भगवान महावीरांच्या निर्वाणकल्याणकाच्या पर्वात, घरोघरी वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभाक्षरे लिहिली जातात, गल्ल्यातील शिल्लक आणि मालाचा साठा मांडला जातो. त्याच वेळी दारातील प्रत्येक वाहनाचा नंबर, त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा आणि टायर बदलल्याची तारीख अशी एक ओळ टाकायला दोन मिनिटे लागतात. आठ-दहा वर्षांनी गाडी विकायला निघेल तेव्हा हीच पाने दलालापुढे उघडून ठेवता येतील.